घागरपट्टा आलाय, हळू

गाडी कुठवर आली हे अप्पा डोळे मिटून सांगत. उदगीरहून सुटून देगलूर, नायगाव करीत नांदेडला जाणारी सकाळची लाल गाडी त्यांची. तिकिटे देऊन झाली की ते दाराशेजारच्या आपल्या जागेवर बसत, घंटीची दोरी मनगटाला गुंडाळून घेत आणि डोळे मिटत. झोपत मात्र नसत. पायाखालच्या पत्र्याचा आवाज ऐकत. डांबर कुठे फुगले आहे, मुरूम कुठे लागतो, पुलावर आवाज कसा पोकळ होतो, हे त्यांच्या तळपायांना पाठ होते. आवाज बदलला की डोळे न उघडता ते हाळी देत, "चला री, हरभरेवाले, उठा!" आणि काळ्या रानातली हरभरा पिकवणारी माणसे खरोखरच धोतरे सावरीत उठत.

गावाचे नाव ते सहसा घेत नसत. रस्त्यावरच्या दर चार-सहा गावांच्या पट्ट्याला त्यांनी आपल्या मनाने एकेक नाव देऊन टाकले होते. एका ओढ्याच्या दोन्ही अंगांना तीन भांडखोर गावे होती, तो 'तारीखपट्टा', कारण तिथून चढणारा निम्मा माणूस कोर्टाच्या तारखेला निघालेला असे. देगलूरच्या आसपास 'तीन जिभांचा मुलूख'. त्याचे कारण ते नव्या प्रवाशाला आवर्जून सांगत. "इथला माणूस मराठीत भाव इचारतो, तेलुगूत घासाघीस करतो आन् सौदा मोडला की कानडीत शिव्या देतो. समद्याला समदं कळतं, म्हणून भांडण लौकर मिटतंय." नायगावच्या पुढची गोदाकाठची गंगथडी तेवढी त्यांनी तशीच ठेवली होती. ते नाव आपल्या आधीच्या कोणी तरी चांगले ठेवले आहे, असे ते एका कारागिराने दुसऱ्याबद्दल बोलावे तसे म्हणत.

अप्पा उदगीरच्या लिंगायत घरातले. उंच, सडपातळ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. देगलूर येईतो घामाने त्यांतला एक पुसला जाई आणि नांदेडला उतरताना फक्त खाकी टोपीखालचा एक उरे. बोलण्यात उदगीरकडचा 'री' प्रत्येक वाक्याच्या शेपटाला. बसा री, सरका री, उतरा री. त्यांनी कोणाला 'ए' म्हणून हाक मारलेली मी ऐकली नाही. अप्पा गेले त्याला आता वर्ष होत आले. मला त्यांच्याविषयी लिहायचे आहे ते मुख्यतः त्यांनी ठेवलेल्या एका नावाविषयी, कारण ते नाव आम्हाला मिळाले होते.

आमचे गाव शिरसमाळ. उदगीर आणि देगलूर यांच्यामधल्या उंच, खडकाळ माळावर अशी सात गावे आहेत. बहात्तरच्या दुष्काळात मी उदगीरला कॉलेजात होतो आणि शनिवारी अप्पांच्या गाडीने घरी येत असे. त्या वर्षी माळावरच्या विहिरींना तळ दिसू लागला. दोन टप्पे पुढे, उताराला, नदीकाठच्या एका गावात एक विहीर तेवढी जिवंत होती. आमच्या सात गावांतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन फाट्यावर उभ्या राहत, सकाळच्या गाडीने खाली उतरत आणि दुपारी नांदेडहून परतणाऱ्या गाडीने भरल्या घागरी घेऊन वर येत. रविवारी आईबरोबर मीही जात असे.

अप्पांनी त्यासाठी स्वतःचा एक नियम केला होता. रिकामी घागर टपावर, भरलेली आत. मागच्या बाकांच्या मधल्या जागेत त्यांनी गोणपाटाच्या चुंबळी करून ठेवल्या होत्या. बाई चढली की ते स्वतः घागर हातात घेऊन चुंबळीवर बसवत आणि तोंडावरचा फडका घट्ट आहे की नाही ते बघत. गाडीचे ड्रायव्हर चाचा म्हणून होते, पिकल्या दाढीचे, अप्पांहून वडील. ते आरशातून बघत म्हणत, "अप्पा, अब घागर को बी सीट देते क्या?"

"सीट देतो चाचा. तुम्ही फकस्त दूध उतू जाऊ नये तशी गाडी न्या."

आणि चढ संपून माळावरचा खड्ड्यांचा रस्ता लागला की अप्पा डोळे मिटलेलेच ठेवून मोठ्याने सांगत, "चाचा, हळू! घागरपट्टा आलाय, हळू!"

गाडी बैलगाडीच्या चालीवर येई. घाईचे प्रवासी कुरकुरत, पण घागरींकडे बघून गप्प बसत. एकदा एक तपासनीस मध्येच चढला आणि घागरींकडे बोट दाखवून म्हणाला, "हे सामान कोणाचं?" अप्पा उठून उभे राहिले. "सामान न्हाई साहेब, पाशिंजर हाय. पुढच्या फाट्याला उतरतंय." तपासनीस हसला नाही, पण त्याने काही लिहूनही घेतले नाही. एखादा खड्डा चुकलाच आणि कोणाची घागर हिंदकळून सांडली, तर साऱ्या गाडीच्या तोंडून एकच हाय निघे. मग बाकीच्या बाया एकेक तांब्या ओतून ती घागर पुन्हा गळ्यापर्यंत आणून देत. सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून म्हातारी माणसे डोळ्यांना लावत. मी हे पाहिले आहे. म्हणून घागरपट्टा हा शब्द पहिल्यांदा कसा उच्चारला गेला, याचा मी साक्षीदार आहे. ती हिणवणी नव्हती. ती ड्रायव्हरला दिलेली सूचना होती.

पण गाडीत फक्त आमचीच माणसे नसत. उदगीरचे व्यापारी असत, नांदेडला निघालेले कारकून असत. त्यांनी तो शब्द ऐकला आणि उतरताना बरोबर नेला. उदगीरच्या बैलबाजारात लवकरच दलाल म्हणू लागले, "घागरपट्ट्यातला बैल घ्या, पाणी कमी मागतो." दुष्काळी कामावर आमच्या गावांची खडी फोडणारी टोळी घागरपट्ट्याची टोळी झाली. कॉलेजात मी हजेरीला उभा राहिलो की मागून कोणी तरी बाकावर पेला वाजवी. मला राग येत नसे. मी पुस्तकात तोंड घालणारा मुलगा होतो आणि पुस्तकात तोंड घालणाऱ्याला काही तरी नाव पडतेच, असे मी धरून चाललो होतो.

पुढे पाऊस झाला, विहिरी भरल्या. नाव रिकाम्या घागरीचेच राहिले.

नावांविषयी अप्पांचे काही पक्के विचार होते आणि ते मला, मी शेजारी पुस्तक उघडून बसलेलो असताना, ऐकवत. हातातल्या पुस्तकामुळे ते मला तेव्हापासूनच मास्तर म्हणत. "मास्तर, गाव आपलं नाव सोता सांगतं. मुलखाचं नाव दुसरा ठेवतो. आपण आपल्या मुलखाला घालून पाडून काय बी म्हणलं तर कोण ऐकतंय? नाव ठेवणारा बाहेरचा पायजे, ऐकणारा कंटाळलेला पायजे, आन् नाव एका दमात म्हणता आलं पायजे." किनवट तालुक्यात इस्लापूरच्या बाजूला त्यांनी दोन वर्षे काढली होती. ते म्हणत, "तिकडं पाणी कड्यावरनं खाली पडतंय, ते बघायला लोक शिदोरी घेऊन जातेत. आपल्याकडं पाणी घागरीत बसून वर चढतंय. ते बघायला कोण शिदोरी आणंल?" हे ते हसत सांगत. आपण ठेवलेले नाव लोकांनी उचलले याचा त्यांना त्या काळात थोडा अभिमानही होता. खोटे कशाला लिहू?

मी मास्तर झालो तो नायगावच्या शाळेत. सोमवारी जायचे, शनिवारी यायचे, गाडी तीच. नोकरी लागल्यावर आईने माझ्या लग्नाचे मनावर घेतले. वडील नव्हते. आई एकटीच सोयरिकी बघत होती. पहिल्या स्थळाने पत्रिका जुळत नाही म्हणून कळवले. दुसऱ्या स्थळाच्या मुलीची आई स्पष्ट बोलली. ती आईला म्हणाली, "पोरगा नोकरीवर जाईल हो, चांगलाय. पर घरी घागर कोण उचलंल? माझीच पोरगी ना?" आईने सांगितले की आता गावात पाच विहिरींना पाणी आहे. त्या बाई म्हणाल्या, "आसंल. पर घागरपट्ट्यात पोरगी दिली म्हणून सगळे मलाच हसतेल."

तिसरे स्थळ मांजराकाठचे होते. रविवारी पाहुणे यायचे ठरले. आईने चुरमुरे, शेंगदाणे आणून सुशीलाची, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांची, तयारी करून ठेवली होती. मामा फेटा बांधून आले होते. आम्ही तिघे फाट्यावर जाऊन उभे राहिलो. दहाच्या सुमाराला गाडी आली, थांबली. एक म्हातारी उतरली, एक कोंबड्यांची पाटी उतरली. पाहुणे उतरले नाहीत.

अप्पा दारात उभे होते. घंटीची दोरी ओढायला त्यांनी हात उचलला आणि तसाच ठेवला. मामांच्या फेट्याकडे पाहिले, माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहिले. मग ते खाली उतरले. मधल्या फाट्यावर अप्पा गाडीतून उतरलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मास्तर, तुमच्याकडं पाव्हणे येणार होते?"

"हो."

"तीन जण? एकाच्या हातात नारळाची पिशवी?"

"आले नाहीत का?"

"आले होते," अप्पा म्हणाले. "दोन टप्पे मागं उतरले. तिथं सोयरे हायेत म्हणले." थोडा वेळ ते चपलेने मुरूम उकरत राहिले. मग आईकडे बघून म्हणाले, "त्यांनी इचारलं, शिरसमाळ कुठं आलं? मी म्हणलं, ही काय, घागरपट्ट्यात, चौथा टप्पा. रोजच्यासारखं तोंडातनं गेलं. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. मला तवा कळलं न्हाई. आता कळलं."

ते हे सांगितल्याशिवाय जाऊ शकले असते. आम्हाला कधीच कळले नसते. चाचांनी एकदा हॉर्न वाजवला, आरशात पाहिले आणि परत वाजवला नाही. भरली गाडी तशीच उभी होती.

त्या आठवड्याच्या सुटीच्या दिवशी अप्पा आमच्या घरी आले. खाकी नव्हती, पांढरे धोतर होते. आईने चहा केला. त्यांनी कप हातात धरून ठेवला आणि म्हणाले, "वैनी, ते नाव मी ठेवलं. मीच काढून टाकतो. एक साल द्या मला."

आई म्हणाली, "चहा घ्या अप्पा, निवून राहिलाय. तुमी हाळी देऊन नाव ठेवलंत. आता दुसरी हाळी दिलीत तरी लोक पहिलीच ऐकणार."

अप्पांना ते पटले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमच्या फाट्यावर चक्क गावाचे नाव पुकारायला सुरुवात केली. "शिरसमाळ, शिरसमाळ!" कोणी उठेना. आमच्याच गावच्या एक म्हाताऱ्या काकू तशाच बसून राहिल्या, दोन टप्पे पुढे गेल्या आणि मग अप्पांवर उखडल्या. "घागरपट्टा म्हणायला काय तोंड दुखतंय का रं तुझं? आता मला माघारी कोण नेऊन सोडणार?" अप्पांनी त्यांना परतीच्या गाडीत बसवून दिले आणि तिकीट स्वतःच्या खिशातून काढले, असे चाचांनी मला सांगितले.

मग ब्याऐंशी साल आले आणि लातूर जिल्हा वेगळा झाला. उदगीर त्यात आले, आमची सात गावेही आली. फाट्यावर पेढे वाटले गेले, गाडीला हार घातला गेला. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या पाटीवरच्या 'जि. उस्मानाबाद'वर पांढरा रंग फिरला आणि वाळल्यावर त्यावर 'जि. लातूर' लिहिले गेले. अप्पांना वाटले, हीच वेळ आहे. आमचा पट्टा नव्या जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला, म्हणून त्यांनी त्याला 'उगवतीचा पट्टा' म्हणायला सुरुवात केली. नाव वाईट नव्हते. एका दमात म्हणता येत होते. पण पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून कोणी तरी विचारले, "उगवतीचा? का हो अप्पा, उगवतंय काय तिथं?" गाडी हसली आणि ते नाव तिथेच संपले.

त्या शनिवारी ते माझ्या शेजारी येऊन बसले. मी पुस्तक मिटले. ते म्हणाले, "मास्तर, जिल्ह्याचं नाव बगा, एका डब्यात बदललं. एक डबा रंग आन् एक बुरूश. लिहिलेलं नाव पुसता येतंय. आपलं हे कुठं लिहिलेलंच न्हाई. पुसू कुठनं?"

मी इतकी पुस्तके वाचली होती, पण लोकांच्या तोंडातले नाव कसे पुसावे ते कशात लिहिलेले नव्हते.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, देगलूरला गाडी थांबलेली असताना, अप्पा म्हणाले, "मास्तर, आईला इचारा. उदगीरची पोरगी चालंल का?"

"कोणाची?"

"कंडक्टरची," ते म्हणाले आणि खाली उतरून उगाच टायरला लाथ मारून आले.

मी आईला सांगितले. तिला आनंद होईल असे मला वाटले होते. ती बराच वेळ ज्वारी निवडत राहिली. मग म्हणाली, "हा माणूस दंड भरतोय काय? दंडात आलेली सून मला न्हाई पायजे. तिला रोज वाटंल, बापाच्या चुकीपायी इथं आले. तसं सांग त्यांना." मी तसेच सांगितले. माझ्या स्वभावात शब्द बदलून सांगणे नाही. अप्पांनी मान हलवली आणि तिकिटांची पेटी उगाच उघडून मिटली.

पुढच्या रविवारी दहाच्या गाडीतून अप्पांच्या मागे एक मुलगी उतरली. मुलीने मुलाचे घर बघायला येण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. गावात दुपारपर्यंत तीच चर्चा होती. मुलीचे नाव महानंदा. मॅट्रिक झालेली, बापासारखीच उंच. अप्पा गाडीबरोबर पुढे निघून गेले आणि परतीच्या गाडीने नेतो म्हणाले. तिने आईला नमस्कार केला, माझ्याकडे एकदा पाहिले, चहा घेतला आणि म्हणाली, "मावशी, विहीर कुठं हाय?" आईने दाखवली. तिने पोहरा सोडला, दोन घागरी शेंदून घरी आणल्या, चुलीशेजारी उतरवल्या आणि त्यातले पाणी ओंजळीने पिऊन बघितले.

"दोर लांब लागतोय," ती म्हणाली. "पर पाणी गोड हाय. उदगीरच्या नळाला मचूळ येतंय."

आई हसली. त्या हसण्यात लग्न ठरले.

महानंदाने मला पुष्कळ वर्षांनी सांगितले की तिलाही आईसारखीच शंका आली होती. आमच्याकडे यायला निघण्याआधी तिने अप्पांना विचारले होते, "मला प्रायश्चित्त म्हणून देताय का?" अप्पा म्हणाले होते, "प्रायचित्त करायचं आसंल तर मी सोता तिथं जाऊन ऱ्हाईन. तुला माझ्या पापावर कशाला पाठवू? पोरगं चांगलं हाय. गाडीत पुस्तक वाचतंय, पर उभ्या बाईमाणसाला जागा देतंय, पान न चुकता. तुला आवडलं तर हो म्हण, न्हाईतर गाडी उदगीरला परत येतीच हाय."

वऱ्हाड आणायला चाचांनी मुद्दाम आपली ड्यूटी बदलून घेतली होती. लग्न उदगीरला झाले आणि त्याच गाडीने नवरी शिरसमाळला निघाली. अप्पांची त्या दिवशी रजा होती, पण ते सवयीने दाराशेजारच्याच जागेवर बसले. मी आणि महानंदा तिसऱ्या बाकावर. चढ संपला, पत्र्याचा आवाज बदलला. अप्पांचे डोळे मिटलेले होते. हाळी आली नाही. गाडीतले सगळे त्यांच्याकडे बघत होते. चाचांनी आपणहून गाडी हळू केली आणि आरशात बघत म्हणाले, "बोलो अप्पा, बोलो. आज तो बोलो."

अप्पांनी डोळे उघडले नाहीत. "हळू, चाचा," एवढेच म्हणाले. पट्ट्याचे नाव त्यांनी घेतले नाही. माझ्या माहितीप्रमाणे त्यानंतर कधीच घेतले नाही. महानंदाने तर ते नाव आमच्या घरात बंदच केले. पुढे आमच्या मुलांपैकी कोणी ते बाहेरून ऐकून आले आणि घरात बोलले, तर ती जेवताना ताटावरून उठवी.

अप्पा निवृत्त झाले तेव्हा महानंदाची आई जाऊन दोन वर्षे झाली होती. एक दिवस ते वळकटी आणि तिकिटांची जुनी रिकामी पेटी घेऊन फाट्यावर उतरले. मुलीच्या घरी राहायला मात्र तयार होईनात. फाट्यावर लिंबाखाली एका शेतकऱ्याची पत्र्याची खोली होती, ती त्यांनी घेतली. महानंदा चिडली. उदगीरला स्वतःचे घर असताना या माळावर कशाला, म्हणाली. अप्पा म्हणाले, "तुला बोललो होतो की, सोता जाऊन ऱ्हाईन म्हणून. नोकरी होती, म्हणून उशीर झाला."

त्या खोलीपुढे त्यांनी दोन रांजण पुरले आणि पाणपोई सुरू केली. गावातल्या आडावरून कावडीने पाणी आणत. उन्हाळ्यात दिवसाला चार खेपा. रांजणाला ओले गोणपाट गुंडाळलेले, वर लाकडी झाकण, त्यावर लांब दांड्याचे ओगराळे. गाडी आली की ते खिडक्यांखालून तांब्या घेऊन फिरत. "पाणी घ्या री, गार हाय. शिरसमाळचं पाणी हाय." नवे कंडक्टर, ड्रायव्हर त्यांना मान देत आणि गाडी दोन मिनिटे जास्त थांबवत. एखादा प्रवासी पाणी पिऊन वाहवा करी, तेव्हा ते विचारत, "कुठलं पाणी पेलात, ध्यानात ऱ्हाईल का?" तो हो म्हणे. अप्पांना तेवढे पुरे होई. मी एकदा म्हणालो, "अप्पा, पाटी लावू का, गावाचं नाव लिहून?" ते म्हणाले, "नको मास्तर. पाटीनं काय होतंय? आपण आपलं सांगू नये. पेणारा सांगंल."

चौदा वर्षे त्यांनी ते केले. शेवटची दोन वर्षे कावड झेपेना, तेव्हा घागर कमरेवर घेऊन आणत. बायांसारखी घागर कमरेवर घेतलेला उंच म्हातारा बघून पोरे हसत. अप्पाही हसत. पाणपोईमुळे आमचे नाव गेले असे मी म्हणणार नाही. मधल्या काळात तलाव झाला, नळ आले, बैलबाजारातले जुने दलाल मेले. ते नाव कधी ऐकू येईनासे झाले ते नेमके सांगता येत नाही. अप्पांनाही सांगता आले नसते. ते आता गाडीत बसत नव्हते. गाडीत काय बोलतात ते त्यांना खिडकीखालून कळत नव्हते.

गेल्या वैशाखात सकाळी ते रांजण भरून खोलीत टेकले आणि पुन्हा उठले नाहीत. उदगीरला त्यांच्या घराण्याची जागा आहे, नातेवाईक न्यायला आले होते. महानंदा म्हणाली, "ते इथं राहायला आले होते, पाहुणे न्हवते." आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून समाधी दिली, आमच्याच शेताच्या बांधाला, विहिरीजवळ. चाचांचा मुलगा देगलूरहून आला होता. त्याने मूठभर माती टाकली आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

सगळे विधी आटोपल्यावर आम्ही दोघे उदगीरचे घर बघायला गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत निघालो. मी नोकरी सोडल्यापासून आम्ही त्या गाडीने आलो नव्हतो. मुलगा मोटारसायकलवर ने-आण करी. गाडी नवी होती, कंडक्टर तिशीच्या आतला, कानात वायर घातलेला. त्याने विचारले, "कुठं?"

मी शिरसमाळ म्हणणार तेवढ्यात महानंदा म्हणाली, "दोन, घागरपट्टा."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. मी तिच्याकडे पाहिले. ती समोर बघत होती.

कंडक्टरने कानातली वायर काढली. "काय म्हणलात मावशी? आसलं कोणतं गाव न्हाई ह्या रुटला."

"गाव नाही," मी म्हणालो. "चढ संपला की माळावरची सात गावं आहेत ना, तो भाग. शिरसमाळ फाटा."

"मग आसं म्हणा की काका, पाणपोई." तो तिकीट फाडू लागला आणि तिकडे ड्रायव्हरला ओरडून म्हणाला, "दोन पाणपोई हायेत हो, पाणपोईपट्टा!"

महानंदा म्हणाली, "काय म्हणालास?"

"पाणपोईपट्टा, मावशी. आम्ही समदे तसंच म्हणतो."

"काय?"

तिला कमी ऐकू येते असे वाटून तो बिचारा वाकला आणि तिच्या कानाशी, एकेक अक्षर सुटे करून, तिसऱ्यांदा मोठ्याने म्हणाला.